पडदा आणि आडपडदा

काळ्या भिंतीपुढे दोन पुरुष एकमेकांना धरून गिरक्या घेताहेत. शेजारी एक भला थोरला कर्णा आ वासून आहे आणि त्याच्या तोंडाशी उभा राहून तिसरा माणूस व्हायोलिन वाजवतोय. सतराएक सेकंद हे चालतं आणि फिल्म संपते. काळ १८९४ ची अखेर किंवा १८९५ ची सुरुवात. ठिकाण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं वेस्ट ऑरेंज, थॉमस एडिसनचा 'ब्लॅक मारिया' नावाचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर डांबरी कागदाने मढवलेली एक काळी शेड. छत उघडायचं आणि ऊन जिकडे असेल तिकडे अख्खी शेड फिरवायची. व्हायोलिनवाला हा एडिसनचा सहकारी विल्यम केनेडी लॉरी डिक्सन. फिल्मचा कर्ताही तोच.

समलिंगी सिनेमाच्या सूच्या चाळायला लागलं की ही फिल्म हमखास भेटते, आणि बरेचदा 'द गे ब्रदर्स' या नावाने. पडद्यावरचं पहिलं समलिंगी दृश्य, अशी तिची ओळख करून दिलेली असते. गोम अशी, की त्या काळच्या नोंदींत या नावाचा पत्ता नाही. 'गे' शब्दाचा आजचा अर्थही तेव्हा रूढ नव्हता. डिक्सनचा खटाटोप वेगळाच होता. हलतं चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपून नंतर त्यांचा मेळ घालता येतो का, हे त्याला पाहायचं होतं. कर्ण्यातून व्हायोलिनचा सूर मेणाच्या नळकांड्यावर उतरत होता आणि कॅमेऱ्याला काहीतरी हलतं दिसावं म्हणून दोघे नाचत होते. जहाजांवर, खाणींच्या वसाहतींत, जिथे बायका नसत तिथे पुरुषांनी पुरुषांबरोबर नाचणं हे त्या काळी नवलाचं नव्हतं.

चित्र आणि आवाज यांची पुढे ताटातूट झाली. चित्र टिकलं, आणि तुटलेलं नळकांडं एडिसनच्या संग्रहात पडून राहिलं. त्यावर डिक्सनचं नाव, व्हायोलिन आणि 'किनेटो' एवढाच मजकूर होता. नळकांडं दुरुस्त झालं आणि २००० मध्ये वॉल्टर मर्च यांनी, म्हणजे 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या ध्वनीमागच्या माणसाने, सूर आणि पावलं पुन्हा जुळवली. शंभर वर्षांनी ते दोघे तालात नाचू लागले. आता ही फिल्म 'डिक्सन एक्सपेरिमेंटल साउंड फिल्म' म्हणून ओळखली जाते.

मग ती समलिंगी सिनेमाच्या सूचीतून काढून टाकायची का? मी काढणार नाही. नाव दुरुस्त करीन, डिक्सनचा हेतू लिहीन, आणि शेवटी हेही लिहीन की एका पिढीने हे दृश्य आपल्या घराण्याचा सर्वांत जुना फोटो सापडल्यासारखं उराशी धरलं होतं. फिल्म कशी बनली याची नोंद हवी, तशी ती लोकांनी कशी पाहिली याचीही हवी. या दोन्हींची गल्लत केली की सूची बिघडते.

संदर्भग्रंथ म्हटलं की डोळ्यांपुढे जाडजूड, रूक्ष, वर्णानुक्रमाने लावलेलं काहीतरी येतं. रहस्यपटांची सूची करणाऱ्याला फारसा प्रश्न पडत नाही. खून झाला, तपास झाला, नोंद झाली. समलिंगी सिनेमाची सूची करणाऱ्याचं निम्मं आयुष्य मात्र 'हा सिनेमा यात बसतो का?' या एकाच प्रश्नात जातं. कारण ज्या सिनेमाची तो यादी करतोय, त्याने कित्येक दशकं स्वतःचा विषय लपवण्यातच घालवली होती. त्यामुळे या सूच्या वाचताना ग्रंथालयात बसल्यासारखं कमी आणि पोलिसी पंचनामा वाचल्यासारखं जास्त वाटतं.

या पंचनाम्याचा मोठा कर्ता विटो रूसो. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, हाडाचा सिनेमावेडा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या चित्रपट विभागात नोकरी, आणि संध्याकाळी चळवळ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स' या संघटनेचं बिऱ्हाड वूस्टर स्ट्रीटवरच्या अग्निशमन दलाच्या एका जुन्या इमारतीत होतं. तिथे रूसो सिनेमे दाखवायचा. घरी टीव्हीवर एकट्याने पाहिलेला सिनेमा आपल्यासारख्या शंभर जणांत बसून पाहिला की हसू वेगळ्या जागी येतं आणि अंगावर काटाही वेगळ्याच जागी येतो. त्यातूनच त्याचं व्याख्यान उभं राहिलं. जुन्या सिनेमांचे तुकडे बरोबर घेऊन तो कॉलेजं, महोत्सव, कार्यकर्त्यांचे मेळावे असा गावोगाव फिरला. एखाद्या कीर्तनकाराने आख्यान लावावं तसं तुकडा दाखवायचा, थांबायचं, उलगडून सांगायचं. १९८१ मध्ये या सगळ्याचं पुस्तक झालं, 'द सेल्युलॉइड क्लॉझेट'. १९८७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली.

रूसोच्या आधी कुणी काही केलं नव्हतं असं नाही. पार्कर टायलरचं 'स्क्रीनिंग द सेक्सेस' १९७२ चं. पण त्याचा लेखक स्वतःच्या प्रतिभेवर इतका लुब्ध आहे, की सिनेमा शोधायला ते उघडणाऱ्याची पंचाईत होते. लंडनला रिचर्ड डायर यांनी १९७७ मध्ये 'गेज अँड फिल्म' हे लहानसं पुस्तक संपादित केलं. नॅशनल फिल्म थिएटरमध्ये याच विषयावरच्या चित्रपटांचा एक हंगाम झाला, त्याला जोडून ते निघालं. मागे चित्रपटांची यादी होती. पुस्तक बारीक, पण पुढच्या सगळ्यांचा पाया.

रूसोने काम केलं त्या काळाची अडचण आज चटकन ध्यानात येत नाही. घरात व्हिडिओ नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमातला एक प्रसंग पुन्हा पाहायचा तर त्याची प्रत कोणत्या संग्रहात आहे हे शोधायचं, तिथे जाऊन परवानगी काढायची आणि पाहता पाहता अंधारात टिपणं काढायची. प्रतच नसेल तर जुनी परीक्षणं आणि म्हाताऱ्या लोकांच्या आठवणी. 'गे ब्रदर्स'सारख्या चुका यातूनच घुसल्या असाव्यात. त्या चुकांबद्दल मला राग येत नाही. ऐकीव नोंद निदान पुढच्या माणसाला कुठे खणायचं ते तरी सांगते.

पण मुळात लपवलं कुणी? हॉलिवुडमध्ये १९३० साली 'प्रॉडक्शन कोड' लिहिला गेला. विल हेज हे चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख, म्हणून बोलीत तो 'हेज कोड'. चार वर्षं तो कागदावरच होता. १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीने त्याची काटेकोर अंमलबजावणी सुरू केली. पटकथा आधी दाखवायची, मंजुरीचा शिक्का मिळाल्याशिवाय मोठ्या चित्रपटगृहांत सिनेमा लागणार नाही. लैंगिक 'विकृती' आणि तिचा नुसता सूचक उल्लेखसुद्धा वर्ज्य, असं एक कलम त्यात होतं, आणि समलिंगी प्रेम त्यातच मोडायचं. हे कलम १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये सैल झालं आणि अख्खा कोडच १९६८ मध्ये गेला.

या काळात कथा बदलल्या, पात्रं बदलली, कधीकधी तर बळी पडणाऱ्या माणसाची जातकुळीच बदलली. १९४७ चा 'क्रॉसफायर' घ्या. मूळ कादंबरीत सैनिक ज्याचा खून करतो तो समलिंगी पुरुष आहे. पडद्यावर तो ज्यू झाला. सिनेमा ज्यूद्वेषावरचा एक धाडसी चित्रपट म्हणून गाजला, आणि ते धाडस खरंही होतं. पण ज्याच्या प्रेतावर ते उभं राहिलं त्याचं नाव पुसलं गेलं. लिलियन हेलमन यांचं 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक १९३४ चं. दोन शिक्षिकांचे एकमेकींशी संबंध आहेत अशी आवई एक विद्यार्थिनी उठवते आणि त्यांची शाळा, आयुष्य सगळं उद्ध्वस्त होतं. विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्याचा सिनेमा केला तेव्हा आवई बदलली: एक शिक्षिका दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या भानगडीत आहे, एवढीच. नाटकाचं नावसुद्धा वापरू दिलं नाही. सिनेमाचं नाव झालं 'दीज थ्री'. त्याच वायलर यांनी १९६१ मध्ये तेच नाटक पुन्हा केलं, या वेळी मूळ नावाने आणि मूळ आवईसह. पहिल्या सिनेमात त्या दोघींपैकी मार्था ही शिक्षिका झालेली मिरियम हॉपकिन्स दुसऱ्यात मार्थाची मावशी झाली आहे. सूचीकाराला दोन्ही नोंदी द्याव्या लागतात. पहिलीत समलिंगी असं काहीच नाही, आणि नेमकं म्हणूनच ती हवी.

काही जण मात्र ब्रीन यांच्या कचेरीच्या नाकावर टिच्चून काम करायचे. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) मध्ये खासगी गुप्तहेराच्या कचेरीत जोएल कायरो नावाचा गृहस्थ येतो. तो आत येण्याआधी त्याचं कार्ड येतं. सेक्रेटरी ते गुप्तहेराला देते, त्याच्याकडे पाहून सूचक बोलते. कार्डाला गार्डिनियाच्या फुलाचा वास आहे. बस्स. प्रेक्षकाला काय समजायचं ते समजलं आणि कचेरीला आक्षेपाला जागा सापडली नाही. त्याच सिनेमात एका पोरगेल्या गुंडाला उद्देशून 'गन्सेल' हा शब्द येतो. पिस्तूलवाला असा काहीतरी अर्थ असेल म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला. खरं तर तो यिद्दिशमधून आलेला, थोराने पाळलेल्या पोरासाठीचा शब्द. मूळ कादंबरीकार डॅशिएल हॅमेटनेच तो आपल्या संपादकाच्या डोळ्यांत धूळ फेकून आत सरकवला होता. आणि गंमत म्हणजे या सिनेमामुळे तो शब्द पुढे इंग्रजीत खरोखरच 'बंदूकवाला गुंड' या अर्थाने चालू लागला.

आपल्याकडे लावणीतल्या आणि तमाशातल्या द्व्यर्थी बोलण्याची सवय असलेल्या वाचकाला ही युक्ती नवी वाटणार नाही. आडपडद्याने बोलायचं आणि ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोपवायचं.

रूसोच्या पुस्तकात मला सर्वांत जास्त हलवून गेला तो शेवटचा, दिसायला अगदी कोरडा भाग. त्याने एक मृत्युसूची दिली आहे. सिनेमाचं नाव, वर्ष आणि समलिंगी पात्र कसं मेलं. बास, एका ओळीत एक. वाक्य नाही, भाष्य नाही. यातले मृत्यू कसे आहेत पाहा. 'सडनली, लास्ट समर' (१९५९): सेबास्टियनचा जमावाकडून भीषण अंत, आणि संपूर्ण सिनेमात त्याचा चेहरा आपल्याला एकदाही धड दिसत नाही. 'द चिल्ड्रन्स अवर' (१९६१): गळफास. 'ॲडव्हाइज अँड कन्सेंट' (१९६२): वस्तऱ्याने गळा. 'द फॉक्स' (१९६७): अंगावर झाड पडून. एकेक सिनेमा सुटा पाहिला तर प्रत्येक मृत्यू त्या कथेत कदाचित पटेलही. ते एकाखाली एक लिहिले, की पटेनासे होतात. लेख लिहून जे साधलं नसतं ते यादीने साधलं. सूची हा वाङ्मयप्रकार म्हणून मला पहिल्यांदा आवडला तो इथे.

या यादीच्या विरुद्ध जाणारं एक उदाहरण हवं असेल तर कोडची काटेकोर अंमलबजावणी सुरू होण्याआधीच्या जर्मनीत जावं लागतं. 'मेडशेन इन युनिफॉर्म' (१९३१) हा लिओन्टीन सागान या दिग्दर्शिकेचा सिनेमा. कडक शिस्तीच्या निवासी शाळेतली एक मुलगी आपल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडते. ज्या नाटकावर तो बेतला त्यात मुलगी मरते. सिनेमात ती जिन्याच्या कठड्यावरून उडी टाकायच्या बेतात असते आणि शाळेतल्या मुली धावत येऊन तिला मागे ओढतात. पडद्यावर एकही पुरुष नाही. दोन वर्षांत हिटलर सत्तेवर आला.

त्याही आधी, १९१९ मध्ये, जर्मनीतच, बर्लिनमध्ये 'आंडर्स आल्स दी आंडर्न' हा मूकपट झाला होता. दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड आणि सोबतीला लैंगिक शास्त्राचे अभ्यासक डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड, तेही पडद्यावर. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन कायद्याच्या १७५ व्या कलमाविरुद्धचा हा उघड प्रचारपट. नायक पुन्हा व्हायोलिनवादकच, खंडणीखोराने गांजलेला, शेवटी आत्महत्या करणारा. सरकारने लवकरच त्याचे सार्वजनिक खेळ बंद पाडले. मे १९३३ मध्ये नाझींनी हिर्शफेल्ड यांची संस्था लुटली, पुस्तकं चौकात जाळली. आज आपण पाहतो तो अख्खा चित्रपट नव्हे. हिर्शफेल्ड यांनी १९२७ च्या दुसऱ्या एका फिल्ममध्ये त्याचे काही भाग वापरले होते, ते पूर्व युरोपातल्या संग्रहात वाचले. मधल्या फटी फोटो आणि मजकुराच्या पाट्यांनी भरून काढल्या आहेत.

आता सूचीकाराची खरी डोकेदुखी. पुरावा किती असला की नोंद करायची? 'स्पार्टाकस' (१९६०) चं प्रकरण सोपं. लॉरेन्स ऑलिव्हिएचा रोमन सरदार स्नानगृहात टोनी कर्टिसच्या गुलामाला विचारतो, तुला शिंपल्यातलं मांस आवडतं की गोगलगाय? प्रश्न जेवणाचा नाही हे दोघांनाही कळतं. प्रसंग कापला गेला. १९९१ मध्ये सिनेमा पूर्ववत करताना चित्र मिळालं, आवाज मिळाला नाही. ऑलिव्हिए तोवर वारले होते. त्यांचा आवाज अँथनी हॉपकिन्स यांनी दिला, कर्टिस यांनी आपले संवाद स्वतःच पुन्हा म्हटले. लेखी, चित्रित, कापलेलं आणि परत जोडलेलं असा सगळा पुरावा हातात आहे.

'बेन-हर' (१९५९) चं मात्र तसं नाही. लेखक गोर विडाल यांनी रूसोच्या पुस्तकावरून १९९५ मध्ये निघालेल्या माहितीपटात सांगितलं, की बेन-हर आणि मेसाला हे तरुणपणी प्रेमिक होते असं धरून मी त्यांच्या भेटीचा प्रसंग लिहिला. मेसाला झालेल्या स्टीफन बॉइडला कल्पना दिली, नायक चार्ल्टन हेस्टनला मुद्दाम दिली नाही. हेस्टन यांनी हे साफ फेटाळलं. आता काय करणार? प्रसंग पाहावा तर बॉइडच्या डोळ्यांत काहीतरी आहे खरं. पण डोळे म्हणजे दस्तऐवज नव्हे. मी असतो तर नोंद दिली असती आणि दोघांचं म्हणणं एकाखाली एक छापलं असतं. निवाडा देण्याची घाई सूचीकाराने करू नये.

१९९० च्या दशकात या पुस्तकांचा एकदम पूर आला आणि त्याचं कारण वैचारिक नव्हतं, व्हिडिओ कॅसेट होतं. सिनेमा भाड्याने घरी आणता येऊ लागला तेव्हा लोकांना पहिली गरज लागली ती कोणती कॅसेट मागायची हे सांगणाऱ्या पुस्तकाची. काउंटरवर जाऊन 'तसला' सिनेमा आहे का, असं विचारायची हिंमत कितीकांत असते? नाव माहीत असेल तर नुसतं नाव सांगता येतं. रेमंड मरे यांचं 'इमेजेस इन द डार्क' (१९९४) निघालं ते फिलाडेल्फियाच्या टीएलए या चित्रपटगृह आणि व्हिडिओ-दुकानं चालवणाऱ्या कंपनीकडून. त्यामुळे त्याची मांडणी दुकानाच्या फळ्यांसारखी आहे: दिग्दर्शक, कलावंत, स्त्रियांसाठीचे, पुरुषांसाठीचे, ट्रान्सजेंडर विषयाचे, आणि एक पूर्ण भाग 'कॅम्प' म्हणजे मुद्दाम भडक, नखरेल, स्वतःवरच हसणाऱ्या सिनेमांचा. त्याच सुमाराला जेम्स रॉबर्ट पॅरिश यांनी हॉलिवुडच्या मुख्य धारेतल्या फक्त २७२ चित्रपटांचा ग्रंथ केला, कथानक आणि श्रेयनामावलीसकट. ब्रिटनमध्ये कीथ हाउज यांनी 'ब्रॉडकास्टिंग इट' (१९९३) मध्ये सिनेमाबरोबर रेडिओ आणि टीव्हीही घेतला, १९२३ ते १९९३ अशी सत्तर वर्षं. रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमातल्या एका बायकी आवाजाचीही तो दखल घेतो. या सगळ्यांत माझा जीव त्याच्यावर जडला आहे.

जेनी ओल्सन यांची वाट आणखी वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोचा समलिंगी चित्रपट महोत्सव १९७७ पासून चालू आहे. ओल्सन त्या महोत्सवाच्या संचालकांपैकी एक होत्या. महोत्सवाकडे दर वर्षी काय येतं? दहा मिनिटांची फिल्म, विद्यार्थ्याचा प्रयोग, कुठल्या तरी देशातून कुणीतरी डब्यात घालून पाठवलेलं रीळ. व्हिडिओच्या दुकानात ते कधीच दिसणार नाही. १९९६ च्या त्यांच्या 'अल्टिमेट गाइड'ला त्या अनुभवाचा पाठिंबा आहे, आणि फिल्म कुणाकडून मागवायची हेही तो सांगतो. स्त्रियांची तक्रार तरीही शिल्लक होतीच: रूसोपासून सगळीकडे पुरुषांनाच पानं जास्त. अँड्रिया वाइस यांचं 'व्हॅम्पायर्स अँड व्हायलेट्स' (१९९२) आणि ॲलिसन डॅरन यांचा 'लेस्बियन फिल्म गाइड' (२०००) हे त्या तक्रारीचं उत्तर.

भारताकडे वळलं की या सूच्यांची पानं फारच पातळ होतात. 'फायर' सगळीकडे असतो. दीपा मेहतांचा १९९६ चा हा सिनेमा १९९८ च्या अखेरीस इथे लागला आणि डिसेंबरात मुंबईत शिवसैनिकांनी चित्रपटगृहात घुसून मोडतोड केली, खेळ बंद पाडले. प्रकरण पुन्हा सेन्सॉरकडे गेलं आणि सिनेमा पुन्हा कात्री न लागता बाहेर आला. त्यामुळे बाहेरच्या सूचीकाराला वाटतं, भारतात सुरुवात 'फायर'पासून.

ते खरं नाही हे एका जर्मन संग्रहानेच सिद्ध केलं. प्रेम कपूर यांचा 'बदनाम बस्ती' १९७१ चा. कमलेश्वर यांच्या कादंबरीवरचा, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून झालेला. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीकडचा ट्रक चालवणारा सरनाम सिंग, बांसुरी नावाची स्त्री आणि शिवराज नावाचा तरुण. सरनामची ओढ दोघांकडेही. सिनेमा चालला नाही आणि मग गायबच झाला. कित्येक वर्षं तो फक्त टिपणांत होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयातले अभ्यासक शोध घेत होते, तेव्हा बर्लिनच्या 'आर्सेनल' संग्रहात त्याची ३५ मिलिमीटरची प्रत मिळाली. हिर्शफेल्ड यांची पुस्तकं ज्या शहरात जळाली त्याच शहरात.

आपल्या सिनेमाला हेज कोडची गरजही भासली नसती, कारण आपल्याकडे 'दोस्ती' हा शब्द होता. गळ्यात गळे घालून गाणारे, एकमेकांसाठी जीव देणारे दोन नायक, आणि नायिका बिचारी मध्ये उपरी. पुण्यात इंग्रजी शिकवलेले लेखक आर. राज राव यांनी अमिताभच्या सिनेमांतली ही जवळीक आणि मुंबईतल्या थेटरांच्या अंधारातला पुरुषांचा वावर, दोन्ही एकत्र धरून लिहिलं आहे. मग 'शोले'ची नोंद करायची का? 'बेन-हर'चाच पेच, फक्त साक्ष द्यायला कुणी गोर विडाल नाही.

मी स्वतःपुरती एक वही ठेवली आहे, मराठीपुरती. तीत सर्वांत आधी येतं ते नाटक: तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. मुलींवर जीव जडणारी कॉलेजातली सुमित्रा, म्हणजे मित्रा. रूसोची मृत्युसूची वाचल्यावर तिचा शेवट पुन्हा आठवला आणि बोचला, तिथेही आत्महत्याच. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण स्मिता पाटीलच्या सुलभा महाजनने आश्रमातल्या बायकांसाठी काय काय केलं हे सांगताना त्यातल्या दोन बायकांच्या संबंधांचा प्रसंग सांगायला लोक विसरतात. तो तिथे एक 'समस्या' म्हणूनच येतो, तरी येतो. अमोल पालेकरांच्या 'थांग' (२००६) मध्ये नवऱ्याचे पुरुषाशी संबंध आहेत हे बायकोला कळतं. सगळा सिनेमा तिच्या बाजूने. त्याचीच इंग्रजी आवृत्ती 'क्वेस्ट'.

मग वहीत खाडाखोड सुरू होते. ओनीरचा 'माय ब्रदर निखिल' (२००५) हिंदी, पण गोव्यातला. १९८९ मध्ये एचआयव्हीची लागण आहे एवढ्यावरून अटकेत आणि एकांतात ठेवलेल्या डॉमिनिक डिसोझा या गोवेकराच्या लढ्यावरून सुचलेला. हा इथे हवा की नको? सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ ची मराठी कादंबरी. एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला तो सिनेमा मात्र हिंदी-इंग्रजी, आणि कुटुंब मराठी असलं तरी घर कोचीत. भाषेप्रमाणे लावावा तर मराठीत येत नाही, गाभ्याप्रमाणे लावावा तर आणखी कुठे जात नाही. मी तो दोन्हीकडे लिहिला आहे आणि बाणाने जोडला आहे. मुंबईत २०१० पासून भरणाऱ्या 'कशिश' महोत्सवाचे कार्यक्रम उलटले की अशा बाणांची संख्या वाढत जाते.

शेवटचं पान सध्या असं आहे.

'साबर बोंडं. मराठी, २०२५. लेखन-दिग्दर्शन: रोहन परशुराम कानवडे. इंग्रजी नाव "कॅक्टस पेअर्स". बाहेरच्या सूच्यांत त्या नावाखाली पाहावं. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा आनंद गावी येतो. नातेवाइकांना त्याच्या लग्नाची घाई. शेतीत राबणारा बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दिग्दर्शकाला कल्पना सुचली ती स्वतःच्या वडिलांच्या सुतकात. मृत्यू: फक्त वडिलांचा.'